निदानाचा आळस

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ग्वाल्हेरातील मराठी मंडळींच्या एका बैठकीत जुन्या मोटारगाड्यांचा विषय निघाला. ज्यांच्या व्यासंगाविषयी आम्हांला नितांत आदर आहे अशा एका गृहस्थांनी तेथे असा अभिप्राय दिला की, सुशिक्षित माणसाने रविवारी सकाळी गाडीचे बॉनेट उघडून हात काळे करीत बसावे, हे एक तर कंजूषपणाचे लक्षण होय, नाही तर रिकामपणाचे. ज्याचे काम त्याने करावे, मिस्त्र्याच्या पोटावर पाय आणू नये, आणि गाडी फारच जुनी झाली असेल तर ती सरळ मोडीत काढावी. उपस्थितांनी माना डोलावल्या. आमच्या नखांत त्या वेळी ग्रीस होते. आम्ही हात टेबलाखाली घेतले आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज अजून गेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाङ्मयीन मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यांना एवढेच स्मरण करून द्यावयाचे की, मराठीतील एका मान्यवर मासिकाचा जन्म लोखंडी नांगर बनविणाऱ्या कारखान्यात झाला आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे मुखपत्र म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. तेव्हा लेखणीला पान्याचा विटाळ होतो, ही समजूत निदान मराठी माणसाने तरी बाळगू नये.

आमचे म्हणणे सर्वांनी इंजिने खोलावीत असे नाही. दुरुस्ती आणि निदान या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुरुस्तीला हत्यारे लागतात, जागा लागते, हाताला सवय लागते. ती सर्वांना साधेलच असे नाही. निदानाला मात्र निरीक्षण लागते, क्रम लागतो आणि थोडा धीर लागतो. पदवीधर म्हणवणाऱ्या माणसाजवळ या तीन गोष्टी असाव्यात, अशी अपेक्षा वावगी नव्हे. कचेरीत आम्ही ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून फाइल पुढच्या टेबलावर सरकवतो. गाडीची किल्ली मिस्त्र्याच्या हाती देताना आपण नेमका तोच शेरा मारीत असतो, आणि पुढे जे घडते तेही कचेरीसारखेच घडते.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. वडिलांनी १९९८ साली घेतलेली मारुती ८०० आमच्याकडे आहे: ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरांचे इंजिन, कार्ब्युरेटर, हाताने ओढावयाचा चोक. दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत किल्ली फिरवली की इंजिन कण्हत, आढेवेढे घेत फिरू लागले. त्या दिवसांत आईला आठवड्यातून दोनदा पहाटे डायलिसिससाठी न्यावे लागे. गाडी सुरू होईल की नाही या धास्तीने आम्ही रात्री उठून एकदा ती चालू करून पाहत असू. मिस्त्र्याने नवी बॅटरी बसवली. आठ दिवस बरे गेले. मग स्टार्टर खोलून ब्रश बदलले. मग स्टार्टरच बदलला. मग अल्टरनेटरवर संशय आला. अखेरीस ‘साहेब, इंजिनातच दम उरला नाही, खोलावे लागेल’ असा निकाल मिळाला. तोवर नऊ हजार रुपये खर्ची पडले होते, आणि वडिलांनी गाडी विकण्याची भाषा सुरू केली होती.

तेव्हा कुठे आम्हांला शहाणपण सुचले. काहीशे रुपयांचा एक मल्टिमीटर आणला. बॅटरी रात्रभर स्वस्थ राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवीत होती, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. इंजिन चालू असता आकडा चौदावर जाई, म्हणजे अल्टरनेटरही आपले काम चोख करीत होता. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून धरले व धाकट्या भावाला किल्ली फिरवावयास सांगितले. वाट निर्वेध असेल तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहावा. तो दोनाच्या जवळ गेला! बॅटरीची शक्ती स्टार्टरपर्यंत पोचण्याआधीच परतीच्या वाटेत गळत होती. बॅटरीपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थच्या तारेचे टोक खाली हिरवे-पांढरे होऊन कुजले होते. ते काढले, पॉलिश पेपरने घासून लखलखीत केले, बोल्ट आवळला. इंजिन एका झटक्यात सुरू झाले. खर्च पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा. नवी बॅटरी आणि नवा स्टार्टर ही दोन्ही निरपराध जुन्या भागांची स्मारके म्हणून गाडीत अजून आहेत.

आता मिस्त्री लबाड होता काय? मुळीच नाही. त्याचा प्रत्येक तर्क संभाव्य होता. त्याने फक्त मोजले नाही. आणि त्याने का मोजावे? येथेच आमच्या वादाचे मर्म आहे. मिस्त्र्याने अर्धा तास तपासून ‘एक तार घासली, दोनशे रुपये द्या’ असे म्हटले असते, तर आम्हीच ‘तार घासायचे दोनशे?’ म्हणून हुज्जत घातली असती. डॉक्टरने नाडी पाहून ‘काही झालेले नाही’ म्हटले तरी आपण मुकाट्याने फी देतो. मिस्त्र्याच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतो, आणि सुट्या भागांच्या बिलावर डोळे मिटून सही करतो, कारण भागाचा खोका हाताला लागतो, विचार हाताला लागत नाही. ज्या गिऱ्हाइकाला विचाराची किंमत द्यावयाची नाही त्याला खोके विकले जातात. मिस्त्र्याच्या पोटाचा कळवळा दाखविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्याला निदान सोडून भाग विकावयास आपणच लावले आहे.

मागच्या पिढीला हे सांगावे लागत नसे. ॲम्बॅसडर आणि फियाट यांच्या काळात मे महिन्याच्या दुपारी गाडी बंद पडली की, मालक खाली उतरून पेट्रोल-पंपावर ओले फडके टाकी आणि दहा मिनिटे झाडाखाली बसे. इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ढकलण्यासाठी केलेला पंप वाफेपुढे हतबल होतो, हे कारण त्याला ठाऊक असे. आज त्याचाच नातू टोइंगवाल्याला फोन लावून मोकळा होतो.

वास्तविक गाडी आपले दुखणे लपवीत नाही. धूर निळा असेल तर ऑइल जळते आहे; काळा असेल तर पेट्रोल जादा जाते आहे; पांढरा असून इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरात शिरत असण्याचा संभव. स्पार्क प्लग काढून पाहावा: फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम, कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर आणि चोक पाहावा. (आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापकांनी चोक अर्धा ओढलेला ठेवून सबंध हिवाळा काढला आणि गाडी पेट्रोल पिते म्हणून सरकारला दोष दिला.) गाडी तापते आणि रेडिएटरचा पंखा फिरत नाही, तर पंख्याला बॅटरीची शक्ती थेट द्यावी. फिरला, तर मोटर निर्दोष. मग फ्यूज, रिले आणि उष्णतेवर चालणारा स्विच एवढेच आरोपी उरतात. यात कोणती अतिमानुष विद्या आहे?

नव्या गाड्या संगणकाच्या आहेत, तेथे हे चालत नाही, असाही एक आक्षेप घेतात. उलट तेथे याची अधिकच गरज आहे. अशा गाडीतून सांकेतिक क्रमांक वाचता येतो. पी ०१७१ आला तर त्याचा अर्थ एवढाच की, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. का पडते, हे तो सांगत नाही. पण क्रमांक दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकतात, आणि तडकलेली रबरी नळी जागच्या जागी फुसफुसत राहते. तक्रारीचा क्रमांक म्हणजे तक्रारीचा निकाल नव्हे, हे कारकुनाइतके कोणाला कळावे?

मोडीत काढण्याविषयी. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. २०२२ साली त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले, आणि दिल्ली परिसराचे निर्बंध तर याहून कडक आहेत. कार्ब्युरेटरची गाडी नव्या गाडीपेक्षा हवा अधिक बिघडवते, हे आम्ही नाकारीत नाही. वापर थोडा ठेवावा, हेही मान्य. परंतु दोन बोटांएवढी तार कुजली म्हणून साडेसहा क्विंटलांच्या आसपासची गाडी भंगारात घालणे याला पर्यावरणप्रेम म्हणता येणार नाही.

उत्साहाच्या भरात जिवाशी खेळणाऱ्यांचेही आम्ही वकील नाही. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. ब्रेकमध्ये दोष आहे एवढे ओळखावे आणि ते काम जाणत्या हाती सोपवावे.

त्याच मिस्त्र्याकडे आम्ही अजून जातो. तारेची हकीकत सांगितली तेव्हा तो प्रथम ओशाळला, मग त्याने मीटर कसा धरला ते दोनदा विचारून घेतले. गेल्या महिन्यात वळणावर पुढच्या डाव्या चाकाकडून कटकट आवाज येऊ लागला. आम्ही बाहेरच्या सी.व्ही. जॉइंटचा संशय मनात धरून गेलो होतो. त्याने चाक उचलून, रबरी आवरणाची चीर दाखवून तोच दोष सांगितला आणि भाग पुढच्या पगाराला बदलला तरी चालेल, तोवर गाडी हळू वळवा, असे म्हणाला. आम्ही नुसते पाहण्याचे दोनशे रुपये पुढे केले. काही बदललेच नाही तर पैसे कसले, म्हणून तो घेईना. बराच वेळ झाला तरी घेईना. शेवटी त्याच्या चहाच्या पेल्याखाली नोट ठेवून आम्ही निघालो.