पाळणाघर म्हणजे छोटी शाळा नव्हे

तृतीय वर्ष कला (मानसशास्त्र)

मानसशास्त्राच्या तासाला पियाजेचा तो प्रसिद्ध प्रयोग आपण सर्वांनीच वहीत उतरवून घेतला आहे. बसक्या पेल्यातले पाणी मुलादेखत उंच, अरुंद पेल्यात ओतायचे आणि आता पाणी जास्त झाले की तेवढेच राहिले, असे त्याला विचारायचे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा 'जास्त झाले' म्हणते. सात-आठ वर्षांचे झाले की ते फसत नाही. परीक्षेत यावर टीप येते, आपण ती लिहितो, गुण मिळतात आणि विषय संपतो. पण पेला, पाणी आणि चार वर्षांचे मूल ही तिन्ही लालबाग-परळच्या कोणत्याही चाळीत नळाला पाणी आले की एकत्र आलेली दिसतात, याकडे आपले लक्ष जात नाही. आमच्या मजल्यावर एक मावशी पाळणाघर चालवतात. पिंपाशेजारी बसून वाटीने फुलपात्र आणि फुलपात्राने तांब्या भरणारी तीन-चार मुले मी तिथे नेहमी पाहतो. मावशी त्यांच्यापुढे परात ठेवतात, म्हणजे सांडलेले पाणी लादी पुसायला उपयोगी पडते. पियाजे हे नाव त्यांनी ऐकलेले नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही.

मुलाने असल्या विषयावर लिहावे याचे आमच्या वर्गातल्या काही मित्रांना हसू आले. पाळणाघर हा बायकांचा विषय, अशी आपली समजूत आहे. ती दूर करण्याचे काम मी इथे करणार नाही. फक्त एवढे सांगतो की, गुजरातमध्ये बालशिक्षणाचा पाया घालणारे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील होते आणि त्यांच्या लाडक्या मुलांच्या जगात त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई, म्हणत.

मला मांडायचे आहे ते असे. घरगुती पाळणाघरात मूल घरातल्या वस्तूंशी, घरातल्या कामांच्या गर्दीत जे खेळते ते शिक्षणच आहे, आणि चांगल्या प्रतीचे शिक्षण आहे. पण 'नुसते सांभाळणे' असे हिणवून आणि पालकांच्या आग्रहाखातर त्याची छोटी शाळा करून टाकण्याचा जो प्रकार आज गिरगावपासून दादरपर्यंत चालला आहे, त्यात मुलांचेही नुकसान आहे आणि ते सांभाळणाऱ्या बाईचेही.

मावशींची खोली दहा बाय बाराची, पुढे सामाईक गॅलरी. मुले सहा-सात, वय दीड ते पाच. एक बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा आहे, त्यात बटणे, बाटल्यांची झाकणे, रिकाम्या काड्यापेट्या, दोऱ्याची रिळे, कापडाच्या चिंध्या आणि एक तुटका कंगवा. दुकानातून आणलेले खेळणे त्यात एकही नाही. काड्यापेट्यांची गाडी होते. ती 'फास्ट' असली तर करी रोडला थांबत नाही, आणि हा नियम मोडणाऱ्या मुलाशी बाकीची मुले भांडतात. दुपारच्या स्वयंपाकाआधी वाटाणे सोलायला बसायचे. मोठ्या मुलांनी शेंग फोडायची, लहानांनी दाणे वाटीत टाकायचे, किडका दाणा वेगळा काढायचा. आता जरा विचार करा: बोटांची चिमूट, डोळा आणि हात यांचा मेळ, वर्गीकरण, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे सगळे त्या एका अर्ध्या तासात घडते, आणि शेवटी त्याच वाटाण्यांची उसळ मुलांच्या ताटात येते. आपण केलेल्या कामाचे फळ इतक्या लवकर कोणत्या शाळेत दिसते?

गणपतीच्या आधी आमच्या भागातल्या चित्रशाळांत शाडूचे काम जोरात असते. मावशी तिथून मातीचा एक गोळा मागून आणतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचे साप आणि लाडू होतात. तिसऱ्या दिवशी कुणाला तरी सापाची वेटोळी एकावर एक रचली की वाटी होते, असा शोध लागतो. हा शोध त्याचा त्याला लागू देणे ही खरी कठीण गोष्ट आहे. माझ्यासारखा माणूस लगेच हात पुढे करून दाखवून मोकळा होतो. मावशी दाखवत नाहीत. त्यांना तेवढा वेळच नसतो, असे त्या म्हणतात. पण मला ते पूर्णपणे पटत नाही. मध्यंतरी मुलांनी भातुकलीत एक नवा खेळ आणला होता. एकजण पाठीला पिशवी लावून दाराशी येतो, कडी वाजवतो आणि म्हणतो, 'ओटीपी सांगा.' आतली मुलगी मनाला येतील ते आकडे सांगते आणि मग 'जेवण' आत येते. आपल्या आईवडिलांचे जग समजून घेण्याचा यापेक्षा सरळ मार्ग त्या वयाला उपलब्ध नाही.

आता दुसरी बाजू. यंदा जूनमध्ये एका मुलाच्या आईने मावशींना विचारले, "मावशी, दिवसभर हे नुसते खेळतातच का? थोडे एबीसीडी लिहून घ्या ना." मावशी म्हणाल्या, "अगं, अजून त्याला चड्डीचं बटण लावता येत नाही." आईला ते उत्तर आवडले नाही. पंधरा दिवसांनी ते मूल आणि त्याच्या पाठोपाठ त्याच मजल्यावरचे दुसरे मूल रंगीत गणवेशाच्या एका 'प्ले-स्कूल'मध्ये गेले. दोन मुले गेली म्हणजे मावशींच्या घरचा किराणा गेला. त्यानंतर त्यांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि चार रेघी वह्या आणल्या. आता सकाळी अकरा ते बारा मुले रेघांवर उभ्या काठ्या काढतात. त्यांतली एक मुलगी तीन वर्षांची आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडे अजून तयारदेखील झालेली नसतात, हे शरीरशास्त्राचे कोणतेही पुस्तक सांगेल. वाटाणे सोलण्याचा तास गेला. वाटाणे मावशी आता रात्री एकट्याच सोलतात.

त्या आईला मी दोष देणार नाही. ती परळच्या एका दवाखान्यात पाळीवर काम करते. चांगल्या शाळेत प्रवेश मिळवायचा तर मुलाला आधीच काही आले पाहिजे, ही तिची भीती हवेतून आलेली नाही. माझ्या भावाच्या प्रवेशाच्या वेळी एका शाळेत त्याला रंग, आकार आणि फळांची नावे इंग्रजीतून विचारली होती; तो आंब्याला आंबा म्हणाला आणि समोरच्या बाईंनी मान हलवली. अशी मान हलताना ज्या आईने पाहिली आहे तिला खेळाचे महत्त्व सांगणारे व्याख्यान ऐकवणे हा उद्धटपणा होईल. परंतु तिची भीती खरी असली तरी तिने शोधलेला उपाय खरा ठरत नाही. ज्या हाताने अजून बटण लावलेले नाही त्या हातात पेन्सिल दिल्याने लिहिणे लवकर येत नाही. लिहिण्याचा कंटाळा मात्र लवकर येतो.

मॉन्टेसरी या नावाचा आपल्याकडे आज महागड्या शाळांशी संबंध जोडला जातो. प्रत्यक्षात मारिया मॉन्टेसरींचे पहिले 'बालघर' ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत, कामगारांच्या भाड्याच्या इमारतीत उघडले. आपल्या भाषेत सांगायचे तर चाळीतच. आईबाप कामावर गेल्यावर मुले जिने आणि भिंती खराब करतात म्हणून इमारतीच्या मालकांना ती कुठेतरी सांभाळायला हवी होती, एवढेच त्यामागचे निमित्त. देखरेखीला नेमलेली बाई शिक्षिकेचे शिक्षण घेतलेली नव्हती. पाणी ओतणे, धान्य वेगळे करणे, गुंड्या लावणे, जागा झाडणे ही कामे मुले किती एकाग्रतेने करतात हे त्या खोल्यांत दिसले आणि त्यातून पुढे ती जगप्रसिद्ध पद्धती उभी राहिली. अर्थात जिला आपण 'नुसते सांभाळणे' म्हणतो त्याच गोष्टीतून.

आपल्या मुंबईतला धागा तर अधिक जवळचा आहे. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. पण त्यांचे मोठेपण मला दिसते ते त्यानंतरच्या काळात. १९४५ साली त्या अनुताई वाघांना घेऊन बोर्डीला गेल्या. तिथे वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. विकतच्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, दगड आले. 'अंगणवाडी' हा शब्द आणि ती कल्पना तिथली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तोच शब्द देशभर पोचला. आमच्या चाळीला अंगण नाही, गॅलरी आहे. ताराबाईंनी बोर्डीच्या अंगणात जे केले ते आमच्या गॅलरीत चालू होते. जूनपर्यंत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळीच पाळणाघरे आमच्या मावशींसारखी नाहीत. या गिरणगावात १९२० च्या सुमारास बायका कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत, हे त्या काळच्या सरकारी अहवालांत नोंदलेले आहे. मूल दिवसभर निपचित पडून राहावे, म्हणजे आईला काम करता यावे, हा त्यामागचा हिशेब. पुढे कायदे झाले, गिरण्यांमध्ये पाळणाघरे आली. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कामगार बाईबरोबर तिच्या मुलाचे पाळणाघरही गेले. आज अफू नाही, पण मोबाईल आहे. काही पाळणाघरांत मी दुपारी डोकावलो आहे. पाच मुले, एक पडदा, आणि खोलीत चिटपाखरूही हलत नाही अशी शांतता. येणाऱ्या पालकाला ती शांतता शिस्त वाटते. रेघी वही आणि मोबाईल या दोन्ही गोष्टी मला एकाच जातीच्या वाटतात, कारण दोहोंमुळे मूल एका जागी बसते आणि मोठ्यांची सोय होते.

सरकारला खेळाचे महत्त्व कळलेले नाही असे नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिक्षणावर भर दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये या वयाच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची, बाहुल्यांची आणि चित्रपत्रांची पेटीही निघाली. मला त्या पेटीबद्दल ऐकताना मावशींचा बिस्किटांचा डबा आठवला. परंतु या धोरणाची नजर शाळेवर आणि अंगणवाडीवर आहे. अंगणवाडी काही तास चालते. आई मात्र लोकलचा प्रवास धरून दहा-अकरा तास बाहेर असते. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. चांगलेच झाले. पण घरकाम करणारी, दुकानात उभी राहणारी, चौथ्या मजल्यावरच्या छोट्या कचेरीत टंकलेखन करणारी बाई त्या पन्नासात कुठे बसते? तिचे मूल शेजारच्या मावशींकडेच राहते. आणि त्या मावशींना प्रथमोपचार कुणी शिकवत नाही, आजारी मूल केव्हा परत पाठवावे हे सांगत नाही, आणि 'तुम्ही करता आहात ते बरोबर आहे' असेही कुणी म्हणत नाही. हे शेवटचे सर्वांत स्वस्त, आणि तरीही तेच सर्वांत दुर्मिळ.

म्हणून मी आपल्या महाविद्यालयापुढे एक सूचना ठेवतो. राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करावे लागते. रस्ते झाडण्याची आणि फलक हाती घेऊन मिरवण्याची आपल्याला सवय आहे. त्यांतले वीस तास प्रत्येकाने आपल्या परिसरातल्या एखाद्या घरगुती पाळणाघरात द्यावेत. मराठीच्या विद्यार्थ्यांनी गोष्टी सांगाव्यात, पण पाठ केलेल्या नकोत. मूल मध्येच 'मग वाघ घरी का गेला नाही?' असे विचारते तेव्हा गोष्ट वळवता आली पाहिजे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वही मिटून पाहावे. आणि पालकांची सभा आपल्या सभागृहात भरवून प्राध्यापकांनी त्यांना वाटाणे सोलण्याचे शास्त्र सांगावे. मावशींचे ते ऐकत नाहीत. पदवीधर माणसाचे ऐकतील. हा समाजाचा दोष आहे हे खरे, पण तो दोष या वेळी तरी मावशींच्या उपयोगी पडावा.

ही योजना मी मावशींच्या कानावर घातली आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "येऊ देत की." एकच अट त्यांनी घातली आहे: दुपारी एक ते तीन कुणी यायचे नाही, तेव्हा मुले झोपतात.