रेकॉर्डची सुई एकदा तपासून घ्या



या वेळचा विषय डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा लहान आहे, पण त्याचा संबंध आपल्या माळ्यावरच्या जड खोक्यांशी आहे. साठच्या दशकात आपली जी माणसं इकडे आली, ती खिशात तीन पौंड घेऊन आली. परकीय चलन तेवढंच मिळायचं. पुढे जेव्हा जेव्हा सुट्टीला घरी जाणं झालं, तेव्हा येताना बॅगेत गोडा मसाला, मेतकूट आणि साड्यांच्या घड्यांमध्ये जपून ठेवलेल्या एल.पी. आल्या. गीतरामायण आलं, भीमसेनजी आले, नाट्यगीतं आली, पु.लं.चं कथाकथन आलं. मग कॅसेट आल्या, सीडी आल्या आणि या रेकॉर्डी माळ्यावर गेल्या.

आता नातवंडं त्या खाली काढताहेत. ब्रिटनमध्ये २००७ नंतर एल.पी.चा खप पुन्हा वाढू लागला. शनिवारी कॅमडेन टाउनला चक्कर मारलीत, तर विशीतली पोरं वाकून वाकून खोक्यांतल्या रेकॉर्डी चाळताना दिसतील. त्यातलाच एखादा आपला नातू सेकंडहँड प्लेअर घेऊन घरी येतो. प्लेअरला सुई लावलेलीच असते. ती किती वर्षांची, आधीच्या मालकाने किती वापरलेली, काही पत्ता नाही. आणि तिच्याखाली पहिली जाते ती आजीची रेकॉर्ड.

"वाजतेय ना छान, मग सुई ठीकच असणार," असं आपण म्हणतो. पण झिजलेली सुई आपल्या कानाला कळते, तोवर तिने रेकॉर्डचं जे काही करायचं ते करून झालेलं असतं. शिवाय झीज रोज थोडी थोडी होते आणि कानाला सवय होत जाते. म्हणून सुईची परीक्षा कानाने करायची नाही, डोळ्याने करायची. त्यासाठी मायक्रोस्कोप लागतो.

हिरकणी झिजते कशी?

एल.पी.च्या सुईच्या टोकाला एक हिरकणी बसवलेली असते. साध्या गोल टोकाच्या स्टिरिओ सुईत तिच्या गोलाईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केसच सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा.

रेकॉर्डवरची खाच इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी असते. सुई तिच्या तळाला टेकत नाही, दोन्ही भिंतींना टेकून चालते. वरून वजन दीड-दोन ग्रॅमच, पण टेकण्याची जागा इतकी सूक्ष्म की तिथला दाब दर चौरस सेंटिमीटरला टनांत मोजावा लागतो. त्यात धुळीचे कण पॉलिश कागदासारखं काम करतात.

आता अंतराचा हिशोब बघा. २२ मिनिटांच्या एका बाजूत रेकॉर्डचे ७३३ फेरे होतात आणि सुई जवळजवळ अर्धा किलोमीटर चालते. १,००० तासांत हे अंतर सुमारे १,३०० किलोमीटर होतं. मुंबई ते दिल्ली रेल्वेने १,३८४ किलोमीटर आहे. म्हणजे आपली हिरकणी भिंतींना अंग घासत दिल्लीच्या जवळ पोचली!

इतकं चालल्यावर तिच्या दोन्ही अंगांना सपाट पैलू पडतात. सराफाकडे हिऱ्याला पैलू पाडले की किंमत वाढते. इथे उलट आहे. पैलू पडले की त्यांना कडा येतात, आणि धार आलेल्या पटाशीसारख्या त्या कडा खाचेच्या भिंतीवरून फिरतात. भिंतीवरची सगळ्यांत नाजूक नक्षी उंच स्वरांची. ती आधी खरवडली जाते. त्यातही बाजूच्या शेवटच्या गाण्याची जास्त, कारण रेकॉर्डच्या कडेला एका फेऱ्याला सुमारे ९२ सेंटिमीटर खाच मिळते, तर आत लेबलाजवळ फक्त ३८. तेवढ्याच वेळाचं गाणं तिथे दाटीवाटीने बसवलेलं असतं. म्हणून शेवटच्या गाण्यात 'स', 'श', 'च' ही अक्षरं फाटल्यासारखी ऐकू आली, की समजावं उशीर झाला आहे.

सुई किती तास चालते? ऑडिओ-टेक्निका ही जपानी कंपनी आपल्या सुयांसाठी साध्या गोल टोकाला ५००, लंबवर्तुळाकार टोकाला ३०० आणि अगदी बारीक घडणीच्या मायक्रोलिनिअर टोकाला १,००० तास असे आकडे देते. रोज एक एल.पी. दोन्ही बाजूंनी ऐकली तर वर्षाचे सुमारे २७० तास होतात. म्हणजे लंबवर्तुळाकार सुई वर्षा-सव्वा वर्षात बदलायला येते. आपल्याकडे ती वीस-वीस वर्षं तशीच असते.

ग्रेप स्ट्रीटचा बांबू

कॅमडेन म्हटलं की आपल्याला किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर आठवतं. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते आणि २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. याच कॅमडेनमध्ये, दक्षिणेच्या टोकाला, न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ ग्रेप स्ट्रीट नावाची एक छोटी गल्ली आहे. १९३०च्या दशकात तिथे ई.एम.जी. हँडमेड ग्रामोफोन्स या कंपनीचं दुकान होतं. कागदाच्या लगद्याचा भलामोठा कर्णा असलेले त्यांचे ग्रामोफोन हाताने बनवलेले असत आणि शौकीन लोक ते मुद्दाम करून घेत.

त्या काळी घरोघरी चावीच्या फोनोला पोलादी पिन असे. ७८च्या रेकॉर्डी लाखेच्या, आणि लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली. पहिल्या काही फेऱ्यांतच पिन घासून खाचेच्या आकाराची होई आणि बाजू संपेपर्यंत तिला धार येई. म्हणून पिनच्या डबीवर सूचना असे की प्रत्येक पिन एकदाच वापरा. आपल्याकडे काटकसरीपायी एकच पिन चार-सहा बाजूंना चालवली जाई. त्याचा परिणाम आजही जुन्या रेकॉर्डींतून खरखरीच्या रूपाने ऐकू येतो.

ई.एम.जी.वाल्यांना पोलाद पसंत नव्हतं. ते बांबूच्या तंतूची किंवा काट्याची सुई वापरायला सांगत. बांबूची सुई तीन धारांची असे. एक बाजू वाजली की छोट्या कात्रीने टोक छाटायचं, नवं टोक तयार. काट्याला घासून पुन्हा अणकुची आणायची. कटकटीचं काम खरं, पण त्यामागचा विचार मला फार पटतो. कोणाला तरी झिजायचंच असेल तर सुईने झिजावं, रेकॉर्डने नको. सुई बाजारात मिळते. हिरकणी आल्यावर आपण हा विचार विसरलो. हिरा रेकॉर्डपेक्षा कितीतरी कठीण आहे. तो बिघडला तरी मोडत नाही, वाजत राहतो, आणि भुर्दंड रेकॉर्डला पडतो.

बघायचं कसं?

पूर्वी इथल्या अनेक रेकॉर्डच्या दुकानांत काउंटरवर मायक्रोस्कोप असायचा. सुई काढून द्यायची, ते बघून सांगायचे. आता हे घरी करता येतं.

सराफाचं १० पट भिंग पुरत नाही. त्यातून मळ दिसेल, वाकलेली दांडी दिसेल, तुटलेलं टोक दिसेल, पण पैलू दिसणार नाहीत. १०० ते २०० पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप हवा. मुलांचा शाळेचा चालेल. फक्त त्याचा खालून येणारा प्रकाश इथे निरुपयोगी. सुई पारदर्शक पट्टीवरचा कांद्याचा पापुद्रा नाही, तिच्यावर प्रकाश वरून आणि बाजूने पडायला हवा. कॉम्प्युटरला जोडायचे मायक्रोस्कोपही मिळतात. खोक्यावर १,००० पट लिहिलेलं असलं तरी त्यावर फार विश्वास ठेवू नका. २०० पट नीट स्पष्ट दिसलं तरी आपलं काम झालं.

आधी सुई साफ करा. मऊ ब्रश मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. उलटा किंवा आडवा फिरवलात तर दांडी वाकेल. मळाचा गोळा मायक्रोस्कोपखाली थेट तुटलेल्या हिऱ्यासारखा दिसतो आणि उगीच घाबरायला होतं.

बहुतेक प्लेअरची सुई तिच्या प्लॅस्टिकच्या घरासकट ओढून निघते. ती टोक वर करून ब्लू-टॅकच्या गोळीवर बसवा. कणकेची गोळी नको, पीठ सुईला चिकटतं. आता दोन लहान टॉर्च डावी-उजवीकडून, साधारण ४५ अंशांत धरा. खाचेच्या भिंती त्याच कोनात असतात, त्यामुळे पैलूही त्याच कोनात पडतात आणि आरशासारखे चमकतात. नव्या सुईवर प्रत्येक दिव्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो. झिजलेल्या सुईवर त्याच जागी कडा स्पष्ट असलेले दोन चकचकीत लंबगोल दिसतात, अंधारात मांजराचे डोळे चमकावेत तसे. टॉर्च थोडी फिरवली की ठिपका गोलाईवरून सरकतो. पैलू मात्र एकदम पेटतो आणि एकदम विझतो. हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही.

दोन डोळ्यांतला एक मोठा, एक लहान असेल तर सुई एका भिंतीवर जास्त रेलत होती. प्लेअरच्या दांडीला आत ओढलं जाण्याची सवय असते. ती ओढ रोखण्याची सोय नीट लावलेली नसेल तर आतली भिंत जास्त घासते. नवी सुई लावताना ते आधी ठीक करा, नाहीतर तिचीही तीच गत.

मागे एका रविवारी ओळखीच्या एका घरी आम्ही असाच मायक्रोस्कोप मांडला होता. काका जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्यांचा प्लेअर काकूंनी रोज पुसून ठेवला होता आणि दर गुरुवारी त्यावर एक ठरलेली रेकॉर्ड लागायची. सुईवर दोन मोठे डोळे लकाकत होते. काकूंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मीच ती खरवडत होते का?" त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, काकू, न लावता ठेवली असती तर कोणी ऐकलीच नसती. सुई बदलली. आतल्या दोन गाण्यांतली खरखर राहिली, बाकीची रेकॉर्ड छान वाजली. त्या दिवशी मुलाने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि रेकॉर्ड कपाटात गेली.

बिघडलेली खाच आणि थोडी आशा

काकूंच्या निमित्ताने सांगतो, की सगळंच गेलं असं नेहमी नसतं. युस्टन रोडवर, कॅमडेनमध्येच, ब्रिटिश लायब्ररी आहे. तिच्या ध्वनिसंग्रहाची मूळ संस्था १९५५ साली रसेल स्क्वेअरला सुरू झाली, तेही कॅमडेनच. अशा ठिकाणी ७८च्या रेकॉर्डीसाठी एकच सुई नसते. निरनिराळ्या जाडीच्या, काही टोक छाटलेल्या सुया असतात. आधीच्या पिनांनी भिंत ज्या उंचीवर खरवडली असेल, त्याच्या थोडं वर किंवा खाली टेकणारी सुई निवडतात. तिथली भिंत कधीकधी कोरी असते, आणि गेली म्हणून सोडून दिलेली रेकॉर्ड बोलू लागते.

हे आपल्या दृष्टीने का महत्त्वाचं? मुंबईत 'यंग इंडिया' नावाचं देशी लेबल होतं, वडाळ्याला कारखाना. १९३५ ते १९५५ एवढंच त्याचं आयुष्य. कंपनी गेली, राहिल्या त्या लोकांच्या घरातल्या तबकड्या. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी, ब्रिटिश लायब्ररीच्या दुर्मिळ संग्रह वाचवण्याच्या योजनेतून, या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर केलं. कोणीतरी त्या जपल्या म्हणून हे जमलं. तुमच्या माळ्यावर अशी एखादी नसेल कशावरून?

तेव्हा थोडक्यात:

१. सेकंडहँड प्लेअर आणला की जुनी सुई तपासा. तपासायची सोय नसेल तर सरळ बदला.

२. ७८ची रेकॉर्ड एल.पी.च्या सुईने लावू नका. तिला ६५ ते ७५ मायक्रॉनची जाड सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी मळात लोळते.

३. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा हिऱ्याऐवजी कृत्रिम नीलम असतो आणि वजन पाच-सहा ग्रॅम. नीलम हिऱ्यापेक्षा फार लवकर झिजतो. त्यावर नव्या रेकॉर्डी वाजवा, आजीच्या नको.

४. प्लेअरच्या झाकणाला आतून कागद चिकटवा आणि ऐकलेले तास मांडत जा.

५. जी रेकॉर्ड पुन्हा मिळणार नाही, ती तपासलेल्या सुईने एकदा वाजवून उतरवून घ्या.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला येताना आपापली सुई काढून, टोकाला काही लागणार नाही अशा डबीत घालून आणा. चहाच्या टेबलाशेजारी एक टेबल मागून घेतलं आहे. मायक्रोस्कोप आणि टॉर्च मी आणतो. नातवंडांना जरूर आणा. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले आहेत, आणि पुढे सुया त्यांनाच बदलायच्या आहेत.

लोभ आहेच, तो वाढावा.