'संख्याशास्त्र' हा शब्द शोधू नका

आमच्या भागात सध्या एक गोष्ट फार दिसते. संख्याशास्त्रात चांगले गुण मिळवून एम.एस्सी. झालेल्या मुली शेवटी बँकेच्या परीक्षा नाहीतर शिकवण्या यांकडे वळतात. पीएचडीचं काढलं की उत्तर ठरलेलं, "काकू, आमच्या विषयात जागाच निघत नाहीत!" बचत गटातल्या एका बाईंच्या मुलीसाठी मी जाहिराती चाळायला बसले. (गणिताचं आणि माझं कधीच जमलं नाही, मी कला शाखेची.) तेव्हा लक्षात आलं, जागा निघतात, पण दुसऱ्याच नावाखाली. लोकसंख्या अभ्यास, सार्वजनिक आरोग्य, साथरोगशास्त्र, शेतीसंशोधन. संख्याशास्त्र येतं का, हे खाली पात्रतेच्या रकान्यात बारीक अक्षरात असतं.

परीक्षेतही हाच घोळ. यूजीसीच्या नेटमध्ये संख्याशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. ते सीएसआयआरच्या नेटमध्ये, गणितीय विज्ञानात येतं. यूजीसीच्या यादीत 'लोकसंख्या अभ्यास' मात्र आहे! मुंबईत देवनारला 1956 पासून याच विषयाची राष्ट्रीय पातळीवरची संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तीच करते. किती मुली अठराच्या आत बोहल्यावर चढल्या, किती बायकांच्या अंगात रक्त कमी, हे आकडे तिथून येतात.

आणि आकडा नसला की बाईचं दुखणं कुणाच्या खिजगणतीत नसतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. तोवर या बायका काय बोलत नव्हत्या? बोलत होत्या की, पण मोजलं कुणी नव्हतं. मोजायचं कसं, किती जणींना तपासलं म्हणजे निष्कर्ष भरवशाचा, हेच तर या मुली शिकलेल्या असतात. आपल्या साताऱ्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे याच विद्येच्या बळावर जागतिक अन्न व कृषी संघटनेपर्यंत पोहोचले होते.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ मिळाली की 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37 हजार मिळतात, पुढे 42 हजार. ती नाही मिळाली तरी 2024 पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेशाची वाट आहे. नेदरलँड्स, स्वीडनमध्ये तर पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहिरात देऊन, पगारावर भरतात. जाहिरातींत 'आर' नावाचं सॉफ्टवेअर बरेचदा मागतात. ते फुकट आहे, घरच्या कॉम्प्युटरवर शिकता येतं.

राहता राहिला लग्नाचा प्रश्न. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीला सहा वर्षांची मुदत आहे, बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते आणि बाळंतपण व संगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही. मुलगी बघायला आलेल्यांना चहाबरोबर हेही सांगून टाकायला हरकत नाही.