आईबापांचे मास्तर

दिवाळीला घरी पाहुणे आले, की फराळाच्या ताटाबरोबर मुलांविषयीचा सल्लाही फिरू लागतो. "याला लाडावून ठेवलंय," असे एक आत्या म्हणते, तर "पोर किती धाकात आहे," असे दुसरी. आईबापांना शिकवण्याचे काम पिढ्यान् पिढ्या आत्या, सासूबाई आणि शेजारणी यांच्याकडे विनावेतन होते. आता शहरात त्याचे वर्ग निघाले आहेत. फी भरपूर, वर प्रमाणपत्रही! डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. पालकांच्या मास्तरांवर मात्र आपल्याकडे तसे बंधन नाही. तेव्हा पारख आपली आपणच करायची.

ती कशी करावी, हे मला इंदापूर तालुक्यातील वरकुट्याला उमगले. तेथील अंगणवाडीत एक सून गाऱ्हाणे सांगत होती, "पोरगं घासच घेत न्हाई बघा." सेविकाबाईंनी व्याख्यान दिले नाही. जेवताना जवळ कोण बसते, जेवणाआधी पोटात काय जाते, एवढेच विचारले. आजोबा रोज संध्याकाळी बिस्किटांचा पुडा आणतात, असे निघाले. बाई म्हणाल्या, "आजोबांनी आणावा की! पण जेवण झाल्यावर द्यावा. पंधरा दिवस करून बघा. वजन नाहीच वाढलं, तर दवाखान्यात दाखवू. मी येते संगती."

माझ्या मते पालकशिक्षण म्हणतात ते हेच. तो उपदेश नव्हे, कारण उपदेश करणारा आधी ऐकत नाही. तो उपचारही नव्हे. आजार असेल तर तो डॉक्टरकडेच सोपवावा. मूल कसे वाढते, कोणत्या वयात काय करते आणि आपल्या वागण्याचा त्यावर काय परिणाम होतो, हे मोठ्यांना पाहायला शिकवणे म्हणजे पालकशिक्षण.

मग ते शिकवणाऱ्याची लायकी कोणती? "स्वतः चार मुले वाढवलेली बाई हवी," असे पुष्कळांना वाटते. त्यांनी अनुताई वाघांकडे पाहावे. शेजारच्याच बारामती तालुक्यातील मोरगावी १९१० साली त्यांचा जन्म झाला. बालपणीच वैधव्य आले. पोटचे मूल नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र काढले, तेव्हा अनुताई त्यांना जाऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, म्हणून यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी! गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. महागड्या साहित्याऐवजी पाने, खडे, शंखशिंपले घेतले. १९७५ साली केंद्र सरकारने बालविकासाची योजना सुरू केली, तिच्या गावोगावच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आई झाल्याने आपल्या एकदोन मुलांचे ज्ञान होते. अनुताईंनी शेकडो मुले जवळून पाहिली होती. पण नुसते पाहूनही भागत नाही, अभ्यास हवाच. ताराबाई पदवीधर होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने त्यांनी माँटेसरी पद्धतीवर वर्षानुवर्षे काम केले, पुढे त्यांनीच ती पद्धत पाड्यावरच्या मुलांना मानवेल अशी बदलून घेतली. गिजुभाई तर मूळचे वकील! सनद कोणतीही असो. अभ्यास, अनेक मुलांचा सहवास आणि घराघराची रीत ओळखण्याची नम्रता, ही तिन्ही हवीत.

म्हणून वाचकहो, फी भरण्यापूर्वी चार प्रश्न जरूर विचारा. आपण काय शिकलात आणि कोठे? कोणत्या वयाच्या मुलांत किती वर्षे काम केलेत? आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आजीआजोबांसह, हे कसे जमवायचे? आणि कोणती अडचण आपण डॉक्टरकडे पाठवाल? चौथ्या प्रश्नाला "तशी वेळच येत नाही," असे उत्तर मिळाले, तर नमस्कार करून खुशाल उठावे.

आणखी एक खूण सांगते. खऱ्या मास्तरांच्या वर्गातून आईबाप घाबरून बाहेर पडत नाहीत. घरी जाऊन आपल्या मुलाकडे नीट पाहू लागतात. आणि वर्षभराने त्यांना मास्तरांची गरज थोडी कमीच भासते.