रक्तस्राव, डायलिसिस आणि औषधाचे नाव

अकोले तालुक्याच्या डोंगरांपासून जामखेडपर्यंत पसरलेल्या, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत विस्तीर्ण असलेल्या आपल्या अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यात एखादा वृद्ध आतड्यातील रक्तस्रावाने अकस्मात खालावतो, आणि त्याला नगर, लोणी अथवा पुण्याकडे रवाना करताना ‘रक्त पातळ करणारी गोळी चालू’ एवढाच मजकूर चिठ्ठीवर पडतो, तेव्हा पुढील वैद्याचा सर्वांत मोलाचा काळ केवळ औषधाचा शोध घेण्यात खर्ची पडतो. औषधाचे नाव, मात्रा, शेवटची गोळी घेतल्याची वेळ आणि अलीकडचे क्रिॲटिनीन एवढा तपशील चिठ्ठीवर असलाच पाहिजे, आणि गोळ्यांची पट्टीच नातेवाइकांबरोबर धाडली तर अधिक उत्तम.

हा आग्रह धरण्याचे कारण असे की, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी वॉरफरिन रक्तातील प्रथिनांना सुमारे 99 टक्के चिकटून असते, रिव्हारोक्साबान 90 टक्क्यांहून अधिक व अपिक्साबान सुमारे 87 टक्के. त्यांच्यापुढे डायलिसिसचे यंत्र निरुपयोगी ठरते. डॅबिगॅट्रान मात्र जेमतेम 35 टक्के चिकटते व बव्हंशी मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, म्हणून चार तासांच्या डायलिसिसने त्याचा निम्म्याच्या आसपास अंश काढता येतो. त्यावरील उतारा, इडारुसिझुमॅब, 2015 साली अमेरिकेत मान्य झाला. 5 ग्रॅमची मात्रा मिनिटांत परिणाम दाखविते, आणि तो हाताशी असेल तर यंत्राची वाट पाहू नये. परंतु उतारा दुर्लभ असेल, मूत्रपिंडे निकामी असतील आणि थ्रॉम्बिन टाइम (रक्तातील डॅबिगॅट्रानचा प्रभाव दाखविणारी चाचणी) लांबलेला असेल, तर 2016 च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचविलेली डायलिसिसची सोय खरोखरच कामी येऊ शकते.

अर्थात रक्तदाब सावरण्याआधी, रक्त चढविण्याआधी व स्रावाच्या जागेचा बंदोबस्त सुरू होण्याआधी यंत्राकडे धाव घेणे धोक्याचे आहे. नळी घालणे हेच या उपचारातील खरे जिकिरीचे कर्म: जिथे बोटांनी दाब देता येतो अशी जांघेतील शीर सोनोग्राफीच्या साह्याने निवडावी, आणि डायलिसिस हेपारिनविना करावे. सत्र संपल्यावर ऊतींत मुरलेले डॅबिगॅट्रान पुन्हा रक्तात उतरते व थांबलेला स्राव उलटू शकतो. म्हणून काही तासांनी थ्रॉम्बिन टाइम पुन्हा तपासावा, आणि दुसऱ्या सत्राची गरज उरली नाही अशी खात्री होईतो ती नळी काढू नये.