चौथा इशारा आपला आहे

दिवाळीची विमान तिकिटे काढून झाली आहेत आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होण्याचे दिवसही आले आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे चंद्रपूर-गडचिरोलीत फारसे कुणाला वाटत नाही. चक्रीवादळ म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांची काळजी, आपण जंगलातली माणसे, ही आपली जुनी समजूत. नकाशा वेगळेच सांगतो. सिरोंचापासून काकीनाड्याचा किनारा सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबईचा समुद्र त्याच्या दुपटीहून लांब. महाराष्ट्रात राहून बंगालच्या उपसागराच्या इतक्या जवळ असलेले लोक आपणच आहोत. तरीही आपत्तीचा आराखडा, विमान कंपन्यांच्या सवलती आणि आपली स्वतःची तयारी या तिन्ही ठिकाणी आपली गणना 'सुरक्षित अंतर्भागात' होते.

ही गणना चुकीची आहे हे दाखवायला जुने दाखले शोधावे लागत नाहीत. 26 सप्टेंबर 2021 च्या रात्री 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा जोर ओसरला, बातम्याही ओसरल्या. पण पावसाचे ओझे घेऊन ते तेलंगण ओलांडून विदर्भ-मराठवाड्यावर आले आणि 28 सप्टेंबरच्या सकाळी उमरखेड तालुक्यातल्या दहागावच्या नाल्यात नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस वाहून गेली. त्यात माणसे गेली. किनारा आणि दहागाव यांच्यात दीड दिवसाचे अंतर होते. 28 ऑक्टोबर 2025 च्या रात्री 'मोंथा' आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हाही हेच झाले. त्या दिवशी विशाखापट्टणम आणि विजयवाड्याची विमाने रद्द झाली, त्याची चर्चा देशभर झाली. वादळाचे अवशेष तेलंगण-छत्तीसगडमार्गे पूर्व विदर्भापर्यंत पोहोचले ते त्यानंतर, ऐन धान कापणीत. दिवाळी आटोपून पुण्या-बंगळुरूला परतणारी मुले तेव्हा नागपूरच्या वाटेवर होती.

म्हणजे वादळ किनाऱ्यावर आले की आपल्या हातात एक ते दोन दिवस असतात. हा अवधी हवामान खात्याला नीट ठाऊक आहे. चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत दिले जातात. पहिला सुमारे 72 तास आधी, दुसरा 48 तास आधी, तिसरा 24 तास आधी. हे तिन्ही प्रामुख्याने किनाऱ्यासाठी. चौथा टप्पा वादळ जमिनीवर येण्याच्या किमान 12 तास आधी निघतो. वादळ पुढे कोणत्या दिशेने सरकेल आणि आतल्या भागात काय घडेल, हे त्यात सांगितलेले असते. हा चौथा इशारा आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठीच आहे. दूरचित्रवाणीवर तो दिसत नाही, कारण तोपर्यंत सगळे कॅमेरे किनाऱ्यावरच्या लाटांकडे वळलेले असतात. आमचा आक्षेप असा की तो गावात, बसस्थानकात, तिकीट काढून देणाऱ्या दुकानातही दिसत नाही.

त्यात आणखी एक अडचण आहे. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरवर गेला तरच वादळाला नाव मिळते. त्याच्या खालचे ते 'कमी दाबाचे तीव्र क्षेत्र', बिननावाचे. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात अशी क्षेत्रे एकामागून एक उठतात, पण वरच्या थरातल्या जोरदार वाऱ्यांमुळे आणि समुद्रावर कमी वेळ मिळाल्यामुळे त्यांची चक्रीवादळे क्वचितच होतात. वारा कमी, पाणी मात्र तेवढेच किंवा जास्त. 9 सप्टेंबर 2024 ला पुरीजवळ किनारा ओलांडणाऱ्या अशाच एका बिननावाच्या क्षेत्रामुळे पूर्व विदर्भात नद्या-नाले भरून वाहिले आणि भामरागडचा संपर्क पुन्हा तुटला. त्या वादळाला नाव असते तर विमान कंपन्यांनी सूचना काढल्या असत्या, ट्रॅव्हल एजंटांनी फोन केले असते. नाव नव्हते, म्हणून प्रवाशाने ज्याचे त्याने बघितले.

आता विमानाच्या तिकिटाकडे येऊ. समजा चेन्नई, कोलकाता किंवा भुवनेश्वरचा विमानतळ वादळामुळे बंद झाला. 4 डिसेंबर 2023 ला 'मिचौंग'मुळे चेन्नईची धावपट्टी पाण्याखाली होती. मे 2024 मध्ये 'रेमाल'मुळे कोलकाता विमानतळ 21 तास बंद राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'दाना'मुळे कोलकाता आणि भुवनेश्वर दोन्ही रात्रभर थांबले. अशा वेळी नागपूरला लख्ख ऊन असले तरी नागपूरचे विमान रद्द होऊ शकते, कारण एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरांच्या फेऱ्या करते आणि कुठल्यातरी एका शहरात अडकले की पुढच्या सगळ्या फेऱ्या कोलमडतात. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर पूर्ण परतावा किंवा दुसरे विमान, यांतले काय हवे ते निवडण्याचा हक्क प्रवाशाला आहे. नैसर्गिक आपत्ती असल्यामुळे वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही, पण परतावा बुडत नाही. म्हणून घाबरून स्वतः आधीच तिकीट रद्द करू नये. तसे केले की रद्द करण्याचे शुल्क प्रवाशाच्या माथी बसते आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच उड्डाण रद्द करते, असा दुहेरी फटका कितीतरी जणांना बसलेला आहे.

हे सगळे कंपनीचे विमान न उडाल्यास. आपला खरा प्रश्न वेगळा आहे: विमान वेळेवर उडते आणि आपण पोहोचत नाही.

सिरोंचाचा माणूस नागपूरच्या विमानतळापासून पावणेचारशे किलोमीटरवर राहतो. भामरागडचा माणूस आधी आलापल्लीपर्यंत येणार, मग पुढे. या वाटेवर पर्लकोटा नदी आहे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावर भामरागड वसलेले असल्याने बस्तरात पाऊस कोसळला की इंद्रावतीचा फुगवटा पर्लकोटेत शिरतो. भामरागडात थेंबही पडलेला नसताना पुलावर पाणी चढते. वैनगंगेचेही तेच. गोसीखुर्दच्या 33 दरवाजांपैकी किती उघडले, त्यावर ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीचे पुढचे एक-दोन दिवस ठरतात. 2020 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हे पाणी काय करू शकते ते आपण पाहिले. राजुऱ्याकडे वर्धा नदी आहे. बल्लारपूर-राजुरा रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला की तेलंगणाकडची वाट बंद. आणि प्रत्येक तालुक्यात असे रपटे आहेत ज्यांची नावे फक्त एसटीच्या चालकांना आणि महसूल खात्याला ठाऊक असतात. पाऊस थांबल्यावर, आभाळ निवळल्यावर हे पाणी येते. नागपूरला त्या वेळी चकाकणारे ऊन असते आणि विमान ठरलेल्या मिनिटाला उडते.

त्या विमानात न बसलेल्या प्रवाशाला कंपनीच्या लेखी एकच ओळख उरते: 'नो शो'. भाडे गेले. नियमाप्रमाणे विमानतळाचे शुल्क आणि सरकारी कर परत मागता येतात, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असले तरी. हे फार थोड्यांना माहीत असते, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना ती रक्कम भाड्याच्या मानाने किरकोळ वाटते. किनाऱ्यावरच्या शहरांसाठी कंपन्या वादळाच्या तारखांना विनाशुल्क तारीखबदलाची सवलत जाहीर करतात. त्या यादीत विमानतळांची नावे असतात. नागपूरचे नाव त्यात असण्याचे कारण नसते, आणि भामरागड, एटापल्ली, सिरोंचा ही नावे तर कंपन्यांच्या संगणकात कुठेच नाहीत.

रस्ता ही आमची जबाबदारी नाही, असे कंपन्या म्हणतील. कायद्याने ते खरे आहे. पण तारीखबदलाची सवलतही त्या कायद्याने देत नाहीत, आपखुशीने देतात. पूरस्थितीत गडचिरोली जिल्हा प्रशासन बंद मार्गांची तालुकानिहाय यादी रोज जाहीर करते. कोणता रस्ता, कोणत्या नाल्यामुळे, कधीपासून बंद, हे सरकारी कागदावर लिहिलेले असते. याहून भक्कम पुरावा कोणता? ही यादी आणि प्रवाशाचा पत्ता जुळला तर एकदा तारीख बदलून द्यावी, एवढीच ही मागणी आहे. अशा प्रवाशांची संख्या कंपनीच्या हिशेबात नगण्य आहे. भामरागडच्या ज्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी विमानाने जात आहे त्या घराच्या हिशेबात ती रक्कम नगण्य नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे नेला पाहिजे. विमानतळाच्या मागणीसाठी ते दिल्लीला जातातच.

विमानतळाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकू. राजुरा तालुक्यात मूर्ती-विहीरगावला विमानतळ व्हावा, ही मागणी आणि घोषणा कितीतरी वर्षे ऐकू येते. तो होईल तेव्हा होईल. पण राजुरा तालुका वर्धा नदीच्या पलीकडे आहे, याची आठवण चंद्रपूरकरांनी ठेवावी. पूल आजच्यासारखे राहिले तर पुराच्या दिवशी चंद्रपूरच्या माणसाला नव्या विमानतळावर जाण्यापेक्षा नागपूर गाठणे सोपे जाईल.

रेल्वेचा आसराही खात्रीचा नाही. बल्लारशाहून दक्षिणेकडे जाणारा मार्ग हा देशाचा मुख्य मार्ग. पण सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला केसमुद्रमजवळ रुळांखालची खडी वाहून गेली आणि कितीतरी गाड्या रद्द झाल्या, वळवल्या गेल्या. उपसागरातल्या एकाच पावसाने विमान, रेल्वे आणि रस्ता तिन्ही एकाच आठवड्यात बंद होऊ शकतात. विमान चुकले तर रेल्वेने जाऊ, हा हिशेब म्हणून चालत नाही.

हेलिकॉप्टरचेही सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे शेवटचा भरवसा त्यावर असतो. पुरात अडकलेल्या गरोदर मातांना भामरागड भागातून हेलिकॉप्टरने हलवल्याचे प्रसंग घडले आहेत आणि ते करणाऱ्यांचे कौतुक केलेच पाहिजे. पण ढग खाली उतरले की हेलिकॉप्टरही थांबते. 17 जुलै 2024 ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार नागपूरहून अहेरीकडे येत असताना त्यांचे हेलिकॉप्टर ढगांत सापडले होते. राज्याच्या सर्वोच्च नेत्यांबाबत असे होत असेल, तर एखाद्या रुग्णासाठी ऐनवेळी हेलिकॉप्टर मिळेलच, असे धरून बसणे धोक्याचे आहे.

मग प्रवाशाने करायचे काय? पहिली गोष्ट, विमानाची वेळ बघण्याआधी आपल्या गावच्या नाल्याचे गणित बघायचे. उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की विमान तीन दिवसांनी असले तरी निघण्याचा निर्णय त्याच दिवशी घ्यायचा, आणि शेवटचा रपटा ओलांडून चंद्रपूर, गडचिरोली किंवा थेट नागपूर गाठायचे. नातेवाइकाकडे दोन रात्री जादा काढाव्या लागतील. तिकीट बुडण्यापेक्षा आणि पाणी चढलेल्या पुलावर गाडी घालण्यापेक्षा ते बरे. दहागावची बस आठवा. पुलावरून पाणी वाहत असताना 'विमान चुकेल हो, काढा गाडी' असे चालकाला म्हणणारा प्रवासी फक्त स्वतःचा जीव धोक्यात घालत नाही.

दुसरे म्हणजे तिकीट काढून देणाऱ्याचे. आपल्याकडे बहुतेक तिकिटे गावातल्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून किंवा ऑनलाइन सेंटरवरून निघतात आणि तिकिटावर मोबाइल क्रमांक त्याचाच असतो. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश त्याच्या फोनवर जातो, प्रवासी उमरेडपर्यंत पोहोचलेला असतो. तिकिटावर स्वतःचा क्रमांक घालायला लावा. शिवाय घरातल्या अशा माणसाचा द्या जो नेटवर्कमध्ये राहतो, कारण वीज गेली की एटापल्ली-भामरागडचे टॉवर किती टिकतात ते सर्वांना माहीत आहे. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर नागपूर ते मुंबई एक तिकीट आणि मुंबईहून पुढे दुसरे, अशी स्वस्ताईची जोडणी वादळाच्या महिन्यांत करूच नये. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर पहिले विमान रद्द किंवा उशिरा झाल्यामुळे पुढचे चुकल्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटे असतील तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. आणि परतावा एजंटाकडे अडकला असेल तर हे ठणकावून सांगा की एजंटमार्फत घेतलेल्या तिकिटाच्या परताव्याचीही जबाबदारी विमान कंपनीवरच आहे.

पण सगळा भार प्रवाशावर टाकून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही. चौथ्या टप्प्याचा इशारा आला की त्याच्या जोडीला प्रवासाची सूचना निघाली पाहिजे: कोणते मार्ग बंद होण्याची शक्यता आहे, कोणत्या आगाराची शेवटची बस किती वाजता सुटेल, गोसीखुर्दचे पाणी कधी येईल. ही माहिती आज वेगवेगळ्या टेबलांवर पडून असते. पाटबंधारे विभागाला विसर्ग ठाऊक असतो, अहेरी आगाराला रस्ता ठाऊक असतो, नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राला ढग ठाऊक असतात. तिन्ही गोष्टी एका कागदावर, मराठीत, आणि दक्षिण गडचिरोलीसाठी गोंडी-माडिया व तेलुगूतही, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि एसटीच्या चौकशी खिडकीवर लागायला हव्यात. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. दवाखान्याची तारीख असलेल्या रुग्णांसाठी आणि परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी एक जादा बस आदल्या दिवशी सोडली, तरी पुष्कळांची धावपळ वाचेल.

दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांना आमचा प्रश्न सरळ आहे. गेल्या वेळी चौथ्या टप्प्याचा इशारा निघाला तेव्हा तो आपल्या कार्यालयात किती वाजता आला, कोणाच्या टेबलावर आला आणि तिथून तो भामरागडच्या तहसीलदारापर्यंत, अहेरीच्या आगारप्रमुखापर्यंत किती वाजता पोहोचला? या वेळा नोंदवहीत असतील. त्या जाहीर कराव्यात. आम्ही त्या याच पानावर छापू.