कोंबडीला काम हवे

पौष लागला, की आपल्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) परसातल्या कोंबड्यांना जणू स्थानबद्धतेची शिक्षा होते. थंडी बाधेल म्हणून खुराड्यावर गोणपाट पडते, दार उन्हे वर आल्यावर उघडते आणि ज्वारीचे भांडे आतच ठेवले जाते. हेतू चांगला, पण माझ्या मते उपाय चुकीचा आहे.

मोठ्या कोंबडीला आपल्याकडची थंडी सहसा बाधत नाही. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि पिसे फुगवून ती त्यांत हवा कोंडून ठेवते. जागा कोरडी असावी, वारा थेट अंगावर येऊ नये आणि सायंकाळी मूठभर मका किंवा बाजरी मिळावी, एवढे पुरे. (लहान पिलांची गोष्ट निराळी, त्यांना ऊब द्यावीच लागते.)

उणीव भासते ती प्रकाशाची. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा होतो. कोंबडीच्या मेंदूतील काही पेशींना कवटीतून झिरपणारा प्रकाशही जाणवतो. दिवस लहान झाला, की अंडी कमी होतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही हे खरे, पण झाकलेल्या कोंबडीचा आधीच लहान असलेला दिवस आणखी लहान होतो.

त्याहून मोठी उणीव कामाची. गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच चार कोंबड्या आठवडाभर कोंडल्या. एकीच्या शेपटीच्या मुळाशी रक्त दिसू लागले. बाकीच्या तिची पिसे उपटत होत्या. चोचींची टोके कापून टाका, असा सल्ला मिळाला. पण चोच म्हणजे वाढलेले नख नव्हे. तिच्यात मज्जातंतू असतात. शिवाय दोष चोचीचा नव्हताच. नेदरलँड्समधील ब्लॉकहाउस यांनी १९८६ साली असे मांडले, की जमिनीत टोचण्याला वाव मिळाला नाही, तर तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते.

‘कोंबडीला कसली आली करमणूक?’ असे हसून विचारणारे मला भेटले आहेत. त्यांना मी १९७२ सालचा डंकन आणि ह्यूजेस यांचा प्रयोग सांगतो. समोर आयते खाद्य असूनही त्यांच्या कोंबड्या चकतीवर चोच मारून काही खाद्य ‘कमावून’ खात होत्या!

म्हणून धान्य भांड्यात न ठेवता भुसकटात किंवा वाळलेल्या पानांत विखरून टाका. लसूणघासाची जुडी मान उंचावून तोडावी लागेल अशी टांगा. उकिरडा उकरू द्या. त्यातल्या किड्यांतून प्रथिने मिळतात, ती नुसत्या ज्वारीतून पुरेशी मिळत नाहीत. शेंगदाण्याची पेंडही चालते, मात्र बुरशी आलेली मुळीच नको. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. ते भरून काढायला शिंपल्यांचा चुरा ठेवा.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा घड्याळ घेऊन बसा. अर्धी बाजरी भांड्यात, अर्धी भुसकटात ठेवा आणि कोंबड्या कोठे किती मिनिटे घालवतात ते वहीत टिपा. आमच्या त्या कोंबडीची शेपटी होळीपर्यंत पुन्हा भरली. चोचीला आम्ही हात लावला नाही.